लाईट आल्यावर दिव्याने काय करावे?

आपण मराठी माणसे 'लाईट गेली' आणि 'लाईट आली' असे म्हणतो, जणू ती घरातली लेकच आहे. ती गेल्यावर आपण भरपूर बोलतो, चिडतो, मेणबत्त्या शोधतो. ती आल्यावर मात्र पोरांच्या 'आली, आली' या ओरड्यापलीकडे कुणी काही बोलत नाही. पण लाईट आल्याच्या पहिल्या क्षणी दिव्याने, पंख्याने, मोटारीने काय करायचे? आपोआप सुरू व्हायचे की हुकमाची वाट पाहायची? हा प्रश्न विजेइतकाच जुना आहे. हल्लीच्या 'स्मार्ट' दिव्यांनी तो पुन्हा घरात आणला आहे, म्हणून आज त्याचा थोडा इतिहास लिहिते. (चाळीस वर्षे फळ्यापुढे उभी राहिले, तेव्हा सनावळी आल्याशिवाय राहणार नाही. सांभाळून घ्या!)

४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून वीज पुरवायला सुरुवात केली. त्या काळातल्या बटणांची एक अडचण होती. आतले धातूचे तुकडे हळूहळू एकमेकांपासून दूर व्हायचे, मध्ये ठिणगी पेटायची आणि बटण जळायचे. १८८४ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावच्या जॉन हेन्री होम्स यांनी झटक्यात उघडणारे बटण तयार केले. अशा बटणात आतली यंत्रणाच तुकड्यांना पटकन दूर ढकलते. आपल्या ओळखीचा तो 'टक्' आवाज याच जातीचा.

या बटणाचा एक गुण मात्र कुणी फारसा बोलून दाखवत नाही. बटणाला आठवण असते! ते खाली केले की खालीच राहते. मध्ये चार तास वीज गेली तरी त्याला पत्ता नसतो. वीज आली की दिवा पूर्वीसारखा लागतो. दिव्याला काहीही ठाऊक असण्याची गरज नाही, घरच्या माणसाची इच्छा भिंतीवर नोंदलेली असते.

हे आपल्याकडे शिकवले ते लोडशेडिंगने. २००५ नंतरची ती वर्षे आठवा. खेडोपाडी दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसायची. आमच्या सासूबाई निजण्यापूर्वी अंधारात सगळ्या खोल्यांतून फिरायच्या आणि बोटांनी बटणे चाचपायच्या. खाली असेल ते वर करायच्या. नाहीतर रात्री अडीच वाजता वीज यायची, ट्यूब फडफडून लागायची आणि पाळण्यातले पोर किंचाळून उठायचे. इस्त्रीचे बटण तर त्या दोनदा पाहायच्या. कपड्यावर ठेवलेली इस्त्री लाईट गेल्यावर विसरली, आणि माणसे बाहेर गेल्यावर लाईट आली, तर काय होईल ते सांगायला नको. बटणाची आठवण चांगली, पण ती आंधळी आहे.

कारखान्यांनी म्हणूनच दुसरे उत्तर शोधले. लेथवर काम करणाऱ्याचा हात यंत्रात असताना गेलेली वीज अचानक परत आली तर हात जाईल. म्हणून मोटारीच्या स्टार्टरमध्ये 'नो-व्होल्ट कॉइल' आली. ही कॉइल वीज असेपर्यंतच स्टार्टर धरून ठेवते. वीज गेली की पकड सुटते, आणि वीज परत आली तरी माणसाने हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटार सुरू होत नाही. म्हणजे मुद्दाम घडवलेला विसराळूपणा! किती हात त्याने वाचवले असतील.

तिसरे उत्तर आपल्या शेतकऱ्याने काढले. शेतीची वीज पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्री केव्हातरी वीज येणार, तेव्हा विहिरीवर जाऊन हिरवे बटण कोण दाबणार? वाटेत साप, विंचू, कुठे बिबट्या. म्हणून स्टार्टरला 'ऑटो स्विच' लागला. वीज आली की मोटार आपोआप चालू. एका शेतकऱ्यापुरते हे शहाणपणच आहे. पण एका डीपीवर वीस मोटारी असतील आणि वीसही एकाच क्षणी सुरू झाल्या तर? सुरू होताना मोटार नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त वीज ओढते. मग डीपी जळते आणि वीसही शेते कोरडी राहतात. म्हणूनच ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण पुन्हा पुन्हा करत आले आहे. यात शेतकऱ्याला नावे ठेवणे मला जमत नाही. रात्रीची वीज ज्याच्या वाट्याला येते, त्यालाच तो साप भेटतो.

हेच मोठ्या प्रमाणावर अख्ख्या देशाला लागू आहे. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तरेकडचे ग्रिड कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भारतही अंधारात गेला. ६० कोटींहून अधिक लोकवस्तीचा तो भाग होता. अशा वेळी वीज एकदम सोडता येत नाही. थांबलेले फ्रीज, पंप, एसी सगळे एकाच वेळी तोंड उघडून बसलेले असतात. म्हणून एकेक भाग जपून जोडावा लागतो.

योगायोग असा, की त्याच २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये फिलिप्सने 'ह्यू' नावाचे दिवे अमेरिकेत विक्रीला आणले. फोनवरून लावा, मंद करा, रंग बदला! पण त्यासाठी भिंतीवरचे बटण कायम चालूच ठेवायचे. म्हणजे बटणाची आठवण काढून घेतली आणि ती दिव्याच्या पोटातल्या इवल्याशा चिपला दिली. आता वीज गेली आणि आली, की दिव्याला प्रश्न पडतो. वीज खांबावरून गेली होती की घरातल्या कुणी बटण बंद करून चालू केले? दोन्ही त्याला सारखेच दिसते. बनवणाऱ्यांनी विचार केला, फोन नसला, इंटरनेट बंद असले, तरी बटण दाबल्यावर उजेड पडलाच पाहिजे. म्हणून वीज आली की पूर्ण उजेडात लाग, असे शिकवले. विचार काही वाईट नव्हता. पण रात्री तीन वाजता घरातले सगळे दिवे लख्ख लागू लागले, आणि २०१८ साली कंपनीने 'वीज जाण्यापूर्वी होते तसेच राहा' अशी सोय दिली. आता बाजारातल्या बऱ्याच स्मार्ट दिव्यांत तीन पर्याय असतात. चालू, बंद किंवा पूर्वीसारखे.

तिन्ही ओळखीचे वाटतात ना? ऑटो स्विच, स्टार्टर आणि भिंतीवरचे बटण!

पुण्यात माझ्या लेकीकडे असे दिवे आहेत. तिचे सासरे ऐंशीच्या पुढचे. एकदा पहाटे वीज येऊन त्यांच्या खोलीतला दिवा लख्ख लागला. ते उठून भिंतीवरचे बटण शोधू लागले, तर त्यावर चिकटपट्टी लावलेली, कुणी चुकून बंद करू नये म्हणून. फोन लेकीकडे, लेक झोपलेली. बिचारे डोळ्यांवर टॉवेल घेऊन उजाडेपर्यंत पडून राहिले. सकाळी म्हणाले, "सूनबाई, माझ्याच खोलीतला दिवा विझवायला मला परवानगी लागते का गं?"

मला यातच सगळे आले असे वाटते. वीज आल्यावर काय व्हावे हे त्या खोलीत राहणाऱ्याने ठरवावे, आणि त्याच्या हाताला पोचेल असे एक बटण ठेवावे. जिन्यातला आणि न्हाणीघराकडचा दिवा आपोआप लागलेलाच बरा, म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरणार नाही. निजायच्या खोलीतला पूर्वीसारखा राहावा. इस्त्री, शेगडी यांनी मात्र गपगुमान विसरून जावे.

तुमच्या घरी असे दिवे असतील तर सेटिंगमध्ये हा पर्याय आज शोधून ठेवा, वळवाच्या पावसाची वाट पाहू नका. आणि लोडशेडिंगच्या काळात तुमच्याकडे रात्री बटणे कोण चाचपत फिरायचे, तेही जरूर कळवा.