परमवीरांचे नाट्यरूप आणि रामा राघोबा राणे

दूरदर्शनच्या इतिहासात १९८८ हे वर्ष पौराणिक वीरांचे मानले जाते. 'रामायण' त्या वर्षी जुलैमध्ये संपले, 'महाभारत' ऑक्टोबरात सुरू झाले. त्याच वर्षी चेतन आनंद यांची 'परमवीर चक्र' ही मालिका आली. 'हकीकत' या १९६४ च्या चित्रपटात त्यांनी लडाखातील पराभवाची कथा सांगितली होती. येथे त्यांनी प्रत्यक्ष सैनिकांची चरित्रे स्वतंत्र कथांच्या रूपाने मांडली. नसीरुद्दीन शाह यांनी उभा केलेला अब्दुल हमीद अनेकांच्या स्मरणात राहिला.

मात्र या नाट्यरूपाची एक अडचण आहे. वीररसाचा स्थायीभाव उत्साह, करुणाचा शोक, हे भेद आपल्या साहित्यशास्त्राने काटेकोरपणे जपले आहेत. युद्धवीराचे चरित्र रंगवताना लेखक बहुधा मृत्यूकडे वळतो आणि वीराचे करुण केव्हा झाले हे प्रेक्षकाला उमगतही नाही. तुळशीदासाच्या सिंहगडाच्या पोवाड्यातही तानाजीचा अंत हाच कथेचा कळस आहे. खुद्द पदकाची कल्पनाही याच वळणाची. मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्या पत्नी, जन्माने युरोपीय असलेल्या सावित्रीबाई खानोलकर यांनी त्यावर इंद्राचे वज्र कोरले. ते वज्र दधीचीच्या अस्थींचे. आजवरच्या एकवीस मानकऱ्यांपैकी चौदा जणांना हा सन्मान मरणोत्तर मिळाला, हे पाहता प्रतीक अन्वर्थकच म्हणावे लागेल.

उरलेल्या सातांत कारवारजवळच्या चेंडिये गावचे रामा राघोबा राणे आहेत. बॉम्बे सॅपर्सचे हे सेकंड लेफ्टनंट ८ ते ११ एप्रिल १९४८ या चार दिवसांत नौशेरा–राजौरी रस्ता रणगाड्यांसाठी मोकळा करीत होते. पहिल्याच दिवशी उखळी तोफांच्या माऱ्यात दोन सॅपर ठार झाले आणि राणे यांच्यासह पाच जखमी. तरीही काम थांबले नाही. सुरुंग काढायचे, आडवी टाकलेली चीडची झाडे स्फोटाने उडवायची, तुटलेल्या रस्त्याला बगल देऊन वाट काढायची, आणि पुन्हा पुढच्या वळणावर तेच. अखेरच्या दिवशी पहाटेपासून रात्रीपर्यंत हाच क्रम चालला. त्यांनी मोकळ्या केलेल्या वाटेने रणगाडे चिंगसला पोचले आणि १२ एप्रिलला राजौरी हाती आली.

या पराक्रमात समोरासमोरचे द्वंद्व नाही, निरोपाचे भाषण नाही. शत्रू दूरच्या उंचवट्यावर, गोळीपुरताच जाणवणारा. संकट जमिनीत पुरलेले. नाटककाराला हवा तो कळस येथे सापडत नाही; सापडते ते न खचणारे, मोजूनमापून केलेले काम. शास्त्राच्या भाषेत बोलायचे तर शोकाचा स्पर्श न झालेला हा निखळ उत्साह होय, आणि म्हणून वीररसाचे हे उदाहरण हौतात्म्याच्या कथांपेक्षा अधिक शुद्ध ठरते. ते रंगवायला मात्र श्रमाचे सौंदर्य जाणणारा लेखक हवा. केवळ देशभक्तीच्या आवेशाने भागणार नाही. आपल्या युद्धविषयक लेखनात असा लेखक विरळाच.

राणे १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले. मालिका दाखवली जात होती तेव्हा ते हयात होते. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कारवारच्या किनाऱ्यावर 'चपल' या युद्धनौकेच्या संग्रहालयाजवळ त्यांचा पुतळा आहे.