पळसाचा अर्क डीएनए वाचवतो का?

तिरोड्याहून नागझिऱ्याकडे निघालं की फाल्गुनात पळस पेटलेला दिसतो. त्याची फुलं रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी त्या पाण्यानं लेकरांना आंघोळ घालायची, उन्हाळ्यात शरबत करायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. आता मोबाईलवर वेगळाच मजकूर फिरतोय: पळसाचा अर्क डीएनए वाचवतो, म्हणून कॅन्सर होत नाही! यातला पहिला भाग अर्धा खरा आहे. दुसऱ्याला आधार नाही.

आपण श्वास घेतो, तेव्हा पेशीत ऑक्सिजनपासून काही उपद्रवी कण तयार होतात. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. विडीच्या धुरानं त्यांची संख्या वाढते. ते डीएनएवर आदळले की ग्वानिन हा घटक बिघडतो, कधी धागाच तुटतो. शरीर रोज ही मोडतोड दुरुस्त करत असतं. डीएनएच्या दुरुस्तीवरील संशोधनासाठीच 2015 चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्यातले अझीझ सांजार हे तुर्कस्तानातल्या सावुर या लहान गावचे. आईवडिलांना लिहितावाचता येत नव्हतं, पण मुलांना त्यांनी शिकवलं.

फुलांच्या अर्काची चाचणी अशी होते. जिवाणूतून काढलेल्या डीएनएच्या कड्यांवर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोहाचा मारा करतात, मग त्या जेलमधून विजेच्या जोरावर पळवतात. अखंड, घट्ट पिळलेलं कडं पुढे जातं, तुटलेलं मागे राहतं. अर्क मिसळल्यावर जास्त कडी अखंड राहिली, तर अर्कानं राखण केली असं म्हणतात. पळसफुलात ब्युटीन, ब्युट्रिन यांसारखी फ्लेव्होनॉइड असतात, ती फ्री रॅडिकलना शांत करू शकतात.

पण हे झालं परीक्षानळीत. पोटात गेल्यावर अशा द्रव्यांचं रूप बदलतं, रक्तात फार थोडं उरतं. आणि माणसांवरचा अनुभव तर सावध करणारा आहे. फिनलंडमध्ये 29,133 पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर मोठी चाचणी झाली. 1994 साली निकाल आला: बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त निघाला. गोळी घेऊन विडी चालू ठेवता येईल, हा हिशेब तिथेच चुकला.

आमचं म्हणणं एवढंच, की शरबत शरबत म्हणून प्यावं. घरात कुणाची रेडिएशन किंवा किमोथेरपी चालू असेल, तर अर्काची बाटली डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नये. रेडिएशन कॅन्सरच्या पेशी मारतं, तेही बऱ्याच अंशी याच फ्री रॅडिकलच्या जोरावर.