शिदोरीतली कडक भाकरी

सोलापूरहून विजापूरच्या रस्त्याला लागले की दक्षिण सोलापूर तालुक्यात मंद्रूप लागते. भोवती काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन आणि तीत परतीच्या पावसाच्या ओलीवर वाढणारी रब्बी ज्वारी. या पट्ट्याच्या कानावर मराठी पडते तशी कानडीही. इकडची भाकरी तिकडे ‘जोळद रोट्टी’ होते एवढेच. धावपळीच्या जगण्यात धड खावे काय, हा प्रश्न आज आमच्या प्रत्येक धर्मग्रामात ऐकू येतो. या भागाने तो फार पूर्वी सोडवला होता, आणि तोही तव्यावर.

कडक भाकरी म्हणजे शिळी भाकरी नव्हे. पीठ गरम पाण्यात मळून भाकरी पापडासारखी पातळ थापायची, नेहमीप्रमाणे भाजायची आणि मग मंद आचेवर ओल पुरती निघून जाईपर्यंत वाळवायची. ओल गेली की बुरशीला थारा उरत नाही, म्हणून ती महिनाभरही टिकते. सोबत शेंगाची चटणी : भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरे, मीठ उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेले. हिलाही पाणी लागत नाही. गंमत अशी की या ‘अस्सल गावरान’ जोडीतली मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापारामुळे आपल्याकडे आली आणि भुईमूग मुळचा दक्षिण अमेरिकेचा. परंपरा म्हणतो तीही कधीतरी जहाजातून उतरलेली असते.

पवित्र शास्त्राच्या वाचकाला हे सारे ओळखीचे वाटेल. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात इस्राएल लोक मिसरातून निघाले ते कंबर बांधून, हाती काठी घेऊन, घाईने जेवत. कणीक फुगायला वेळ नव्हता, म्हणून भाकर बेखमीर राहिली. वल्हांडणाचे अन्न हे मुळात वाटेचे अन्न आहे. योहानाच्या शुभवर्तमानातल्या मुलापाशी होत्या त्या पाच भाकरीही जवाच्या, म्हणजे गरिबाच्या धान्याच्या होत्या.

येथले गरिबाचे धान्य ज्वारी. सोलापूर जिल्ह्यातल्याच मोहोळ येथे १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हा वाण सिद्ध झाला. तो आजही पेरला जातो. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि जवळजवळ तितकाच तंतुमय अंश असतो. तिच्या प्रथिनात लायसिन कमी, ते डाळीत भरपूर. त्यामुळे भाकरी-पिठले हा बेत आहारशास्त्राच्या आधीपासून शास्त्रशुद्ध होता असे म्हणायला हरकत नाही. पण भाकरीचे गोडवे गाताना आम्ही एक विसरता कामा नये. ती नेहमी पोटभर मिळत होती असे नाही.

१८७६ ते १८७८च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला. १८७७च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरच्या पुरुषाचा शिधा दिवसाला एक पौंड धान्यावर आणला. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, सुमारे दीड हजार कॅलरी. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला! मजुरांनी कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पुढे १९७२च्या दुष्काळात पुन्हा खडी फोडायची वेळ आली, तेव्हा रोजगार हमीच्या कल्पनेने मूळ धरले. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली आणि कामावर सुकडी वाटली गेली. सुकडी म्हणजे भाजलेल्या धान्याचे गोडसर, पौष्टिक पीठ. चूल नको, भांडे नको, ओंजळ पुरे. मिलोला नाके मुरडणारे वृद्ध आजही सुकडीची चव सांगताना थांबतात.

आमच्या ख्रिस्ती घरांत शिदोरीला आणखी एक वेळापत्रक होते. १९५३पर्यंत ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घ्यायचा नसे. १९५७ साली तो उपवास तीन तासांवर व १९६४ साली एका तासावर आला. तोवर दूरच्या वाडीहून पायी येणाऱ्याची शिदोरी मिस्साबलीनंतरच सुटे.

१९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि जिल्ह्यात ऊस पसरला. रेशनने गहू-तांदूळ स्वस्त केला. पण भाकरी मागे पडण्याचे मुख्य कारण, आमच्या मते, निराळेच आहे. शिदोरी खाणारा वाटेला लागे. बांधणारी पहाटे चुलीपाशी बसे. तिच्या श्रमाची नोंद कोणत्याही वहीत नाही. आज तीही सकाळच्या एसटीने सोलापूर गाठते, आणि मग स्टँडवरचा वडापाव किंवा बिस्किटाचा पुडा दोघांच्याही हाती येतो. मधुमेहाची गोळी त्यामागून येते. तिने दोन्ही करावे असे सांगणारे प्रवचन आम्हाला मान्य नाही. पीठ मळायला घरातले इतर हातही आहेत, आणि कडक भाकरी तर आठवड्यातून एकदाच करायची असते.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तोवर कडक भाकरी पाकिटात शिरली होती. सोलापुरात बायकांचे बचत गट ती भाजतात. पाकिटे पुण्या-मुंबईला जातात. त्या भाकरीचे मोल, निदान तिथे, थापणारीच्या हातावर पैशांत पडते.