सुरतेंतील टोपीकरांचीं थडगीं

आपल्याकडे स्मशानाची वाट खांदेकऱ्यांच्या मागून जाते. तेथें आपण होऊन कोणी पाऊल टाकीत नाहीं. विधि उरकला कीं परतावें, कडुलिंबाचें पान चावावें, स्नान करावें, आणि मग घरांत शिरावें अशी आपली रीत. राखही तेथें राहूं द्यावयाची नाहीं. ती जवळच्या नदीस अर्पण करावयाची. संन्याशी व संत यांना समाधि आणि राजेरजवाड्यांना छत्री, एवढाच काय तो अपवाद. बाकीच्यांचा मुक्काम मृत्यूनंतर कोठें आहे हा प्रश्न आपण विचारीत नाहीं, कारण तो कोठेंच नसावा हीच आपली इच्छा असते. अशा संस्कारांत वाढलेल्या मनुष्यानें, "मी सहज फिरावयास म्हणून थडग्यांत जात असतों," असें म्हटलें, तर ऐकणारा त्याच्या प्रकृतीची चौकशी करील. प्रस्तुत लेखकास हा नाद पुष्कळ वर्षांचा आहे, आणि त्याची चौकशीही पुष्कळांनीं केली आहे. आज त्या चौकशीस उत्तर देण्याचा विचार आहे.

ज्या जागेमुळें हा नाद पक्का झाला ती जागा सुरतेंत आहे. कतारगाम दरवाजाच्या बाजूस इंग्रजांची जुनी दफनभूमि आहे. तिच्यापासून थोड्याच अंतरावर वलंदेजांची व आर्मीनियन व्यापाऱ्यांची. भोवतीं आजची सुरत आपल्या कापडाच्या व हिऱ्यांच्या घाईंत धांवत असते. आवाराच्या आंत पाऊल टाकलें कीं तो गलबला एकदम दूर जातो. समोर जें दिसतें तें पाहून नवखा मनुष्य थबकतो. घुमट, कमानी, कंगोरे, कोपऱ्यांवरचे मनोरे! ख्रिस्ती दफनभूमींत आपण आलों कीं एखाद्या मोगल सरदाराच्या रोज्यांत, असा भ्रम क्षणभर होतो.

हा भ्रम निर्माण व्हावा असाच बांधणारांचा हेतु होता. सतराव्या शतकाच्या आरंभीं इंग्रज व वलंदेज यांनीं सुरतेंत वखारी घातल्या, तेव्हां ते या देशांत याचक होते. मोगल अधिकाऱ्याच्या दारांत तासन् तास तिष्ठावें, नजराणे द्यावे, जकातीसाठीं अर्ज करावे, असा त्यांचा काळ जाई. ज्या लोकांशीं व्यवहार करावयाचा ते वैभवावरून माणसाची किंमत करतात हें त्यांनीं ओळखलें, आणि आपल्या मृतांसाठींही त्यांनीं दरबारी वेष पसंत केला. 1649 सालीं मरण पावलेला इंग्रजांचा अध्यक्ष फ्रॅन्सिस ब्रेटन याचें थडगें येथील जुन्या मोठ्या थडग्यांपैकीं आहे. पुढें इंग्रज व वलंदेज यांच्यांत मिरीं, नीळ व कापड यांच्या व्यापारांत जी चुरस होती तीच थडग्यांतही शिरली. 1689 सालीं सुरतेस आलेला ओव्हिंग्टन नांवाचा पाद्री आपल्या प्रवासवर्णनांत या चढाओढीची साक्ष देतो. एका रंगेल वलंदेज अधिकाऱ्याच्या थडग्यावर मद्याचीं तीन मोठीं दगडी पात्रें बसविलेलीं होतीं, व त्याचे मित्र तेथें बसून त्याच्या आठवणींत इतके रंगत कीं स्वतःचेंच भान त्यांना राहत नसे, असेंही त्यानें लिहून ठेविलें आहे. शोक करण्याच्या तऱ्हा अनेक असतात.

इंग्रजांच्या बाजूस सर्वांत भव्य इमारत ऑक्झेन्डन बंधूंची. ती दुमजली आहे. वर घुमट, आंत जिना आणि भोवतीं सज्जे. त्यांपैकीं ख्रिस्तोफर हा 1659 च्या एप्रिलांत वारला. त्याच्यावरील लॅटिन लेख या सबंध आवारांत मला सर्वांत अधिक आवडतो, कारण तो वखारींतल्या कारकुनाच्या भाषेंत लिहिलेला आहे. त्याचा आशय असा कीं, या माणसानें येथें आपल्या उद्योगास आरंभ केला व येथेंच तो संपविला. त्याच्या वहींत वर्षांची नोंद व्हावयाची, ती नुसत्या दिवसांचीच झाली, कारण मृत्यूनें एकाएकीं हिशेबास बोलाविलें. मग लेख धन्यांनाच विचारतो कीं, तुमचा नफा काय व तोटा काय? धन्यांच्या बाजूस दुःख जमा झालें आणि त्याचा प्राण खर्चीं पडला. तथापि दुसऱ्या पानावर मरण हाच लाभ अशी नोंद त्यास करितां येईल! जन्मभर खतावणी लिहिणाऱ्या माणसांनीं आपल्या सोबत्याचा शेवटचा निरोप खतावणींतच लिहावा, यांत मला थट्टा दिसत नाहीं. ज्याला जी भाषा येते तिच्यांतच तो खरें रडतो.

त्याचा भाऊ सर जॉर्ज ऑक्झेन्डन दहा वर्षांनीं, 1669 च्या जुलैंत, त्याच इमारतींत त्याच्याजवळ आला. याचें नांव महाराष्ट्रांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यास अपरिचित नाहीं. 1664 च्या जानेवारींत शिवाजी महाराजांनीं सुरतेवर प्रथम स्वारी केली, तेव्हां इंग्रजांच्या वखारीचा मुख्य हाच होता. मोगलांचा अधिकारी इनायतखान किल्ल्याचे दरवाजे लावून आंत बसला, आणि शहराचें रक्षण शहरानेंच करावें अशी वेळ आली. ऑक्झेन्डननें जहाजांवरचे खलाशी व वखारींतले कारकून एकत्र करून आपली वखार राखली. औरंगजेबानें त्याबद्दल टोपीकरांस जकातींत सवलत दिली, व विलायतेंतील कंपनीनेंही आपल्या अध्यक्षाचा गौरव केला. याच घराण्यांतील हेन्री ऑक्झेन्डन 1674 सालीं वकील म्हणून रायगडास गेला. राज्याभिषेकाचा समारंभ त्यानें डोळ्यांनीं पाहिला, आणि एवढ्या दुर्घट गडावर हत्ती कसे चढविले असतील याचें आश्चर्यही त्यानें टिपून ठेविलें. ज्यांच्याविरुद्ध तोफा रोखल्या त्यांच्याच सिंहासनापुढें दहा वर्षांनीं नजराणा घेऊन उभें राहावयाचें, हा इतिहासाचा हिशेब ऑक्झेन्डन घराण्याच्या वहींत असा दोन्ही पानांवर पडलेला आहे.

त्या घुमटाखालीं उभा असतांना माझ्या मनाची जी अवस्था झाली ती प्रामाणिकपणें सांगतों. लहानपणापासून सुरतेच्या लुटीची हकीगत आपण एका बाजूनेंच ऐकलेली असते. तींत इंग्रज म्हणजे एक नांव, एक अडथळा. येथें तो अडथळा आपल्या भावाशेजारीं निजलेला दिसला. महाराजांविषयींचा अभिमान त्यामुळें तिळभरही कमी झाला नाहीं. मात्र शत्रूलाही भाऊ होता, ही गोष्ट पुस्तकांत कधीं जाणवली नव्हती ती दगडांत जाणवली. इतिहास वाचणारास न्यायाधीश होण्याची फार हौस असते. थडग्यापाशीं ती हौस आपोआप कमी होते.

आणखी एक नांव येथें शोधावें लागतें, तें जेराल्ड ऑन्जियर याचें. ऑक्झेन्डनच्या मागून तो अध्यक्ष झाला, आणि 1677 च्या जूनमध्यें सुरतेसच वारला. कंपनीच्या हातीं नुकत्याच आलेल्या मुंबई बेटाचें त्यानें शहर करावयास घेतलें. न्यायालय व टांकसाळ स्थापिली आणि निरनिराळ्या धर्मांच्या व्यापाऱ्यांस अभय देऊन तेथें वसाहत करविली. त्या वेळीं मुंबईची हवा अशी होती कीं, तेथें माणसाचें आयुष्य दोन पावसाळ्यांचें अशी म्हण टोपीकरांत रूढ झाली होती. त्या दलदलींतून उठलेलें शहर पाहिलें म्हणजे त्याच्या स्मृतीस घुमटाची गरज नाहीं असें वाटतें. 1687 सालीं कंपनीनें आपलें मुख्य ठाणें सुरतेहून मुंबईस हलविलें. सुरतेच्या भाग्याला ओहोटी लागण्याच्या अनेक कारणांपैकीं तें एक, आणि त्याचा पाया घालणारा सुरतेच्याच मातींत आहे.

आतां वलंदेजांच्या आवारांत जाऊं. तेथें सर्वांहून उंच इमारत हेन्ड्रिक वान रीड याची आहे. दोन मजले, खांबांच्या ओळी, वर-खालीं सज्जे आणि दुहेरी घुमट. पूर्वीं भिंतींवर चित्रें व खिडक्यांना लांकडाचें कोरीव काम होतें. ऑक्झेन्डनच्या इमारतीवर ताण करावयाची या ईर्ष्येनेंच ती उभारली असावी असें पाहतांक्षणींच वाटतें. आणि गंमत अशी कीं, हा वान रीड वलंदेज कंपनीनें 1684 सालीं नेमला होता तो वखारींतील लांचलुचपत व उधळपट्टी मोडून काढण्यासाठीं! मलबाराहून सुरतेकडे येत असतां 1691 च्या डिसेंबरांत तो समुद्रावरच मरण पावला. ज्यांचे हिशेब तपासावयास तो येत होता त्यांनीं त्याचें थडगें इतक्या खर्चानें बांधावें, यावर अधिक भाष्य नको.

परंतु वान रीडची खरी इमारत ही नव्हे. मलबारांत अधिकारी असतांना त्यानें तेथील वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला. 'हॉर्टस मलबारिकस' या नांवाचे त्याचे बारा खंड 1678 पासून 1693 पर्यंत ऍम्स्टरडॅम येथें निघाले. त्यांत सातशेंहून अधिक वनस्पतींचें वर्णन आहे. शेवटचा खंड बाहेर पडला तेव्हां त्याचा कर्ता या घुमटाखालीं होता. या कामीं इट्टी अच्युतन् नांवाच्या मल्याळी वैद्यानें त्यास ज्ञान पुरविलें, आणि त्याच्या जोडीला कोचीनचे तीन कोंकणी ब्राह्मण होते. रंगभट, विनायक पंडित व आप्पुभट हीं त्यांचीं नांवें. त्यांनीं दिलेलें 1675 सालचें प्रशस्तिपत्र पहिल्या खंडांत नागरी लिपींत जसेंच्या तसें छापलें आहे. चित्रांवरही वनस्पतींचीं नांवें इतर लिपींबरोबर नागरींत आहेत. युरोपांत छापलेल्या नागरी अक्षरांच्या अगदीं आरंभींच्या नमुन्यांत त्यांची गणना होते. गोमांतकांतून परागंदा झालेल्या एका समाजांतल्या या तिघांचीं थडगीं कोठेंही नाहींत, असण्याचें कारणही नाहीं. आपल्या रीतीप्रमाणें त्यांची राख पाण्यांत गेली. पण त्यांचीं अक्षरें राहिलीं आहेत, आणि तीं राहण्यास हा घुमटाखालचा माणूस कारण झाला.

थडग्यांत फिरतांना मनास जी एक प्रकारची शांति मिळते तिचें कारण मला येथें सांपडलें असें वाटतें. बाहेरच्या जगांत प्रत्येकाची किंमत अजून ठरावयाची असते. येथें ती ठरून गेली आहे, आणि ठरविणारांनीं ज्या मापानें ठरविली तें माप बहुधा चुकलेलें दिसतें. सर्वांत मोठा घुमट सर्वांत मोठ्या माणसावर नसतो. येथील कित्येक चौथऱ्यांवरचे लेख नाहींसे झाले आहेत. जेरुसलेमपासून अजमेरापर्यंत पायीं चालत आलेला टॉम कोर्यट 1617 सालीं सुरतेस वारला. त्याच्या विसाव्याची निश्चित खूण उरलेली नाहीं, पण त्याच्या पायपिटीची आठवण उरली. ज्या बादशहाकडून सवलत मिळविण्यासाठीं हे व्यापारी ताटकळत, तो औरंगजेब 1707 सालीं आपल्या महाराष्ट्रांतच मेला. खुलताबादेस त्याची कबर उघड्या आकाशाखालीं आहे, आणि तिच्यावर घुमट नाहीं. भोवतींची संगमरवरी जाळी मागाहूनची. याचकांनीं बादशाही थाटांत निजावें आणि बादशहानें फकिराच्या! ही शिकवण कोणत्याही कीर्तनांत ऐकावयास मिळेल. पण येथें ती कोणी सांगत नाहीं, म्हणूनच पटते.

यावर एक आक्षेप येईल, व तो योग्यच आहे. परक्यांच्या थडग्यांचें इतकें कौतुक कशास? आपल्या समाध्यांकडे कोणी पाहिलें? हा प्रश्न मलाही टोंचतो. 1680 सालीं महाराजांचें निधन झालें. पुढें दोन शतकांनीं जेम्स डग्लस या इंग्रज लेखकानें रायगडावरील समाधीची दुर्दशा पाहून 1883 सालच्या आपल्या मुंबईविषयींच्या पुस्तकांत हळहळ व्यक्त केली. 1895 सालीं टिळकांनीं जीर्णोद्धाराची चळवळ हातीं घेतली तिच्यामागें ही लाजही एक कारण होती. देहाविषयीं उदासीन असणें हें तत्त्वज्ञान झालें. स्मृतीविषयीं उदासीन असणें हा आळस. या दोहोंत आपण वारंवार गल्लत करतों आणि आळसाला वैराग्याचें नांव देतों. राख नदींत सोडावी हें योग्यच. पण तिच्याबरोबर माणसाचें नांव, काम व हस्ताक्षरही सोडून द्यावें असें कोणत्या शास्त्रांत सांगितलें आहे? कित्येक घरांतून आजोबांच्या वह्या रद्दींत जातात त्या दिवशीं खरें दुसरें दहन होतें.

मी निघालों तेव्हां राखणदारानें कुतूहलानें विचारलें कीं, येथें तुमचें कोणी आहे काय? नाहीं म्हणून मी पायऱ्या उतरलों. पण वाटेंत वाटूं लागलें कीं उत्तर चुकलें. महाराजांच्या स्वारीस तोंड देणारा येथें आहे, मुंबईची घडी बसविणारा येथें आहे, आणि आपलीं नागरी अक्षरें सातासमुद्रांपलीकडे छापविणारा येथें आहे. रक्ताचें नातें नसलें तरी आपल्या कथेंत ज्यांचें नांव आल्यावांचून ती पुरी होत नाहीं, त्यांना परके कसें म्हणावें? त्या दिवशींही घरीं आल्यावर मी रीतीप्रमाणें स्नान केलें. कडुलिंबाचें पान मात्र चावलें नाहीं. तोंडांत कडवटपणा नव्हताच.