मानाचे पान

मंडळाच्या घटनेत सन्माननीय सभासदांविषयी एक छोटेसे कलम आहे. त्यांना वर्गणी नाही, निवडणुकीत मत नाही. मात्र गणेशोत्सवातील महाप्रसादाला पहिल्या पंगतीत त्यांचे पान असते. स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्हांला प्रथम आठवले ते हे कलम. याचे कारण असे की, इंग्लंडातील ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील प्राचीन कॉलेजांत ‘मानद फेलो’ म्हणून जे पद असते, त्याची व्याख्या करू गेल्यास ती जवळजवळ याच शब्दांत करावी लागेल.

आपल्याकडे या बाबतीत थोडा घोटाळा होतो. विद्यापीठाची मानद पदवी आणि कॉलेजाचे मानद फेलोपद या दोन्ही गोष्टी एकच समजल्या जातात. केंब्रिजचे विद्यापीठ परीक्षा घेते व पदव्या देते. परंतु कॉलेज ही त्याच्या आतली स्वतंत्र संस्था आहे. तिची मालमत्ता स्वतंत्र, नियम स्वतंत्र, स्वयंपाकघरसुद्धा स्वतंत्र. फेलो हे त्या संस्थेचे घरधनी. तेच शिकवतात, तेच कारभार पाहतात आणि नवे फेलो तेच निवडतात. पूर्वी तर सर्वसाधारणपणे लग्न केले की फेलोपद सोडावे लागे. ते बंधन केंब्रिजमध्ये 1882 च्या नव्या नियमांनी उठले. मानद फेलोला यातले काहीच करावे लागत नाही. त्याला वेतन नाही, अध्यापन नाही, कारभारात मत नाही. त्याला मिळते ते एवढेच, की कॉलेजाच्या भोजनगृहात उंच चौथऱ्यावरील ‘हाय टेबल’ला त्याचे पान कायमचे मांडले गेले. पदवी देऊन विद्यापीठ माणसाचा सत्कार करते आणि त्याला निरोप देते. कॉलेज त्याला घरात घेते. हा भेद लक्षात घेतल्यावाचून पुढील कथेतील मर्म कळणार नाही.

मराठी वाचकाला केंब्रिज म्हटले की रँग्लर परांजपे आठवणारच. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 साली सेंट जॉन्स कॉलेजातून सीनिअर रँग्लर झाले आणि 1901 मध्ये त्याच कॉलेजाचे फेलो निवडले गेले. ते फेलोपद मानद नव्हते, परीक्षेतील कर्तृत्वावर मिळवलेले होते. आणि ते हाती असतानाच पुण्यास येऊन त्यांनी फर्ग्युसन कॉलेजाची धुरा खांद्यावर घेतली. याच सेंट जॉन्सने 1982 साली आपले जुने विद्यार्थी डॉ. मनमोहन सिंग यांना मानद फेलो केले. ते पंतप्रधान होण्यास तेव्हा बावीस वर्षे अवकाश होता. केंद्र सरकारच्या सेवेत उमेदवारी केलेल्या आमच्यासारख्यांना या निवडीचे विशेष कौतुक वाटते, कारण फायलींवर टिपणे लिहिणाऱ्याची दखल सहसा कोणी घेत नाही.

परंतु ही दोन्ही नावे घरच्या मुलांची आहेत. ज्याला उंबरठाच ओलांडता आला नव्हता, त्याचे काय?

टॉमस हार्डी या कादंबरीकाराचा जन्म 1840 साली डॉर्सेट परगण्यातील एका खेड्यात झाला. वडील गवंडीकाम करणारे, लहानसे कंत्राटदार. मुलगा हुशार, पण विद्यापीठाचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून सोळाव्या वर्षी त्याला डॉर्चेस्टरच्या एका वास्तुशिल्पज्ञाकडे उमेदवारीस ठेवण्यात आले. कचेरीच्या वेळेआधी पहाटे उठून हा मुलगा लॅटिन व ग्रीक वाचीत असे. होरेस मूल नावाचा, आठ वर्षांनी मोठा, केंब्रिजला शिकलेला मित्र त्याला मार्गदर्शन करी. एके दिवशी हार्डीने त्यालाच सल्ला विचारला: ग्रीक नाटके वाचीत राहावे की नाही? पोट जर वास्तुकलेवर भरायचे असेल तर ग्रीकचा नाद सोडलेला बरा, असे मूलने सांगितले. सल्ला प्रेमाचा होता, व्यवहाराचाही होता. असे सल्ले आपल्यापैकी किती जणांना मिळाले असतील! आम्ही स्वतः बी. ए. होताच नोकरीचा हुकूम आला; एम. ए. नंतर बाहेरून करता येईल, असे वडिलांनी सांगितले. ते ‘नंतर’ अद्याप आलेले नाही. असो.

पुढे केंब्रिजला धर्मशास्त्र शिकून पाद्री व्हावे, असाही विचार हार्डीच्या मनात काही काळ घोळत होता. तोही मागे पडला. 1873 च्या जूनमध्ये तो मूलला भेटण्यासाठी केंब्रिजला गेला. त्या रम्य गावात दोघे मित्र हिंडले. ती त्यांची शेवटची भेट ठरली. त्याच वर्षी सप्टेंबरात मूलने क्वीन्स कॉलेजातील आपल्या खोलीत आत्महत्या केली. हार्डीच्या मनात केंब्रिज हे नाव असे दुहेरी सल होऊन राहिले.

तो सल बावीस वर्षांनी कागदावर उतरला. 1895 साली प्रसिद्ध झालेल्या ‘जूड द ऑब्स्क्युअर’ या कादंबरीचा नायक पाथरवट आहे. कॉलेजांच्या भिंतींचे झिजलेले दगड दुरुस्त करावयाचे आणि त्या भिंतींच्या आत मात्र पाऊल टाकावयाचे नाही, असे त्याचे जिणे. गावाचे नाव कादंबरीत बदललेले असले तरी ते ऑक्सफर्ड आहे हे कोणालाही कळते. जूड कॉलेजांच्या प्रमुखांना पत्रे लिहितो. एकच उत्तर येते, आणि त्यात आपला धंदा सांभाळून राहण्याचा उपदेश असतो. या पुस्तकावर एवढा गहजब झाला की, एका बिशपने आपण ते विस्तवात टाकल्याचे जाहीर केले. हार्डीने पुन्हा कादंबरी लिहिली नाही. उरलेले आयुष्य त्याने कवितेला दिले.

आता काळाचा महिमा पाहा. हार्डीने आपली हस्तलिखिते निरनिराळ्या संस्थांना देण्याचे ठरवले, तेव्हा केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाचे संचालक सिडनी कॉकरेल यांनी त्यांच्या वाटपाचे काम अंगावर घेतले. 1911 साली ‘जूड’चेच हस्तलिखित त्या संग्रहालयात दाखल झाले. 1913 च्या जूनमध्ये केंब्रिज विद्यापीठाने हार्डीला मानद डॉक्टरेट दिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मॉडलिन कॉलेजाने त्याला मानद फेलो करून घेतले.

मॉडलिनविषयी दोन शब्द सांगावयास हवेत. मूळचे हे 1428 साली बेनेडिक्टाइन साधूंसाठी उभारलेले वसतिगृह. 1542 मध्ये त्याची कॉलेज म्हणून पुनःस्थापना झाली. ऑक्सफर्डमध्येही याच उच्चाराचे एक कॉलेज आहे, फक्त त्याच्या इंग्रजी नावात शेवटचे अक्षर नाही. त्यामुळे पत्ता लिहिताना भले भले चुकतात. केंब्रिजचे मॉडलिन तेव्हा लहान व काहीसे मागे पडलेले कॉलेज होते. सॅम्युएल पेपिस या रोजनिशीकाराचा सुमारे तीन हजार ग्रंथांचा संग्रह हे त्याचे खरे वैभव. श्रीमंत कॉलेजांना हार्डी सुचला नाही आणि या लहानग्याला सुचला, हे आम्हांला फार बोलके वाटते. लहान घरातले पान अधिक आपुलकीने मांडलेले असते, हा परप्रांतात राहणाऱ्या आपणा सर्वांचा अनुभव आहे.

हार्डीचे वय तेव्हा त्र्याहत्तर होते. पत्नी एमा आदल्या नोव्हेंबरात निवर्तली होती. 1910 साली ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ मिळाल्यामुळे कीर्तीची उणीव राहिली नव्हती. पण ज्या गावी चाळीस वर्षांपूर्वी मित्राचा निरोप घेतला, तेथे आता त्याचे स्वतःचे पान होते. ऑक्सफर्ड मागोमाग आले, मात्र सावकाश: 1920 मध्ये पदवी आणि 1922 मध्ये तेथील क्वीन्स कॉलेजाचे मानद फेलोपद. जूडला जे उत्तर मिळाले, ते त्याच्या जनकाला सत्तावीस वर्षांनी बदलून मिळाले, असे म्हणावयास हरकत नाही.

हे पद नुसते शोभेचे नसते याचा प्रत्यय 16 जानेवारी 1928 रोजी आला. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये हार्डीच्या अस्थी ठेवण्यात आल्या. हृदय मात्र गावाकडे, स्टिन्सफर्डच्या दफनभूमीत नेले. ॲबेतील विधीच्या वेळी मानकरी म्हणून दहा जण चालले. त्यांत पंतप्रधान बाल्डविन होते, रॅम्से मॅकडोनल्ड होते, शॉ, बॅरी, गॉल्सवर्दी, गॉस व हाउसमन होते. आणि त्यांच्याच रांगेत मॉडलिन व क्वीन्स या दोन कॉलेजांचे प्रतिनिधीही होते. आपल्या घरच्या माणसाला पोहोचवावयास घरची माणसे आली होती. हाउसमनची कथाही ऐकण्याजोगी आहे: ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात असताना तो अंतिम परीक्षेत नापास झाला होता, आणि पुढे त्याच कॉलेजाने त्याला मानद फेलो करून घेतले.

दहावा मानकरी रड्यार्ड किपलिंग. याचा जन्म 1865 साली मुंबईचा. वडील सर जे. जे. कलाशाळेत अध्यापक होते. आपल्या देशाविषयीची त्याची मते आम्हांला मुळीच मान्य नाहीत, आणि ती कोणाही स्वाभिमानी भारतीयास मान्य होणार नाहीत; पण मोगलीच्या गोष्टी आपल्या मुलांनी वाचल्याच आहेत. सोळाव्या वर्षी तो लाहोरच्या वर्तमानपत्रात नोकरीस लागला; विद्यापीठाचे तोंड त्याने विद्यार्थी म्हणून कधी पाहिले नाही. सरकारी किताब नाकारणाऱ्या या माणसाने 1932 साली मॉडलिनचे मानद फेलोपद मात्र स्वीकारले. त्याच कॉलेजाने 2001 साली नेल्सन मंडेला यांनाही आपल्या मानद फेलोंत घेतले. किपलिंग आणि मंडेला एका यादीत! परंतु पंगत म्हटली की शेजारी कोण बसेल हे यजमान ठरवतो.

किपलिंग 18 जानेवारी 1936 रोजी वारला. त्याच्या अस्थी ॲबेच्या कवींच्या कोपऱ्यात ठेवल्या आहेत, हार्डीच्या अगदी लगत. दोघांपैकी एकानेही परीक्षा देऊन विद्यापीठाची पदवी मिळवलेली नव्हती.