दवाखान्याची पहिली पायरी

आम्ही पहूरहून बोलतोय.

बचत गटाच्या बैठकीत हिशेब आटोपल्यावर एकदा सहज विषय निघाला. आपण पहिल्यांदा दवाखान्यात गेलो तेव्हा सोबत कोण होतं? कुणी म्हणालं सासू, कुणी नणंद, कुणी शेजारची मावशी. आमच्यातली एकही जण एकटी गेली नव्हती.

मग एक जण हळूच बोलली. लग्नानंतर वर्षभरात तिला अंगावर पांढरं जायचा त्रास सुरू झाला. तालुक्याच्या पलीकडे एका दवाखान्यात नेलं. केसपेपर काढणाऱ्यानं सगळ्या रांगेसमोर मोठ्यानं विचारलं, "काय होतंय?" रांगेत गावातले दोन पुरुष होते. ती म्हणाली, "डोकं दुखतं." डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन घरी आली आणि पुढची सहा वर्षं दुखणं अंगावर काढलं. "डॉक्टर काही वाईट नव्हते," ती म्हणाली, "पण माझं तोंडच उघडलं नाही."

अशा बाईला आपण पटकन अडाणी म्हणून मोकळे होतो. आम्हीही म्हणायचो. पण महाराष्ट्रातल्या दवाखान्यांचा जुना इतिहास वाचायला घेतला, तेव्हा आमचं मत बदललं.

सुरुवात आनंदीबाई जोशींपासून करू. १४ व्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि वेळेवर उपचार न मिळाल्यामुळे दहा दिवसांत गेला. पुढे १८८३ साली अमेरिकेला निघण्याआधी त्यांनी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, जाहीर भाषण केलं. आपल्या देशात स्त्री डॉक्टरांची गरज आहे, म्हणून मी शिकायला चालले, हे त्यांनी लोकांना समजावून सांगितलं. त्या काळात औषध नव्हतं असं नाही. पण परक्या पुरुषापुढे बाई आपलं दुखणं सांगणार कशी, हा प्रश्न होता. आनंदीबाई १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची २२ वर्षंही पुरी व्हायच्या आत गेल्या. मायदेशी डॉक्टर म्हणून काम सुरू करण्याआधीच त्यांचं आयुष्य संपलं. १८८६ सालीच मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं. ते फक्त बायका-मुलांसाठी होतं, आणि तपासणाऱ्या डॉक्टरही स्त्रियाच.

मनाविरुद्ध झालेल्या बालविवाहाला नकार देऊन कोर्टात उभ्या राहिलेल्या रखमाबाई लंडनला शिकल्या. १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि आधी सुरतेला, मग राजकोटला अशी ३५ वर्षं त्यांनी बायकांची सेवा केली. त्यांची एक आठवण सांगितली जाते. स्त्री डॉक्टर आली, हॉस्पिटल उघडलं, तरी बाळंतपणाला बायका येईनात. आत गेलेली बाई परत येत नाही, अशी भीती. तेव्हा रखमाबाईंनी एका गाभण शेळीला हॉस्पिटलात ठेवून घेतलं आणि तिची सुटका केली. शेळी आणि करडू दोन्ही सुखरूप आहेत हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, मग हळूहळू बायका यायला लागल्या. एवढी शिकलेली बाई, पण लोक अडाणी आहेत म्हणून ती चिडून बसली नाही. लोकांना पटेल असा पुरावा तिनं समोर ठेवला.

आता याच्या उलट काय झालं ते ऐका. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. सरकारनं माणसं जबरदस्तीनं हॉस्पिटलात न्यायला सुरुवात केली. ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला. १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा झाला आणि पुण्यात गोरे सोल्जर घराघरांत घुसून झडत्या घेऊ लागले. स्वयंपाकघर, देवघर काही सोडलं नाही. बायकांनाही परके पुरुष तपासू लागले. परिणाम काय झाला? लोक आजारी माणसं लपवू लागले. रोग लपला, की तो आणखी पसरतो. सरकारचा हेतू साथ आवरायचा होता, पण लोकांचा विश्वासच उडाला.

त्याच १८९७ मध्ये, त्याच पुण्याजवळ, सावित्रीबाई फुले काय करत होत्या? त्यांचा मुलगा डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तिथे आणत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. मैत्रिणींनो, रोग तोच आणि साल तेच. एकीकडे बंदूकवाला सोल्जर दाराशी येत होता आणि दुसरीकडे ओळखीची म्हातारी पाठीवर घेऊन चालली होती. आपलं लेकरू आपण कुणाच्या हाती दिलं असतं?

हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं झालं, असं म्हणाल. मग अलीकडचं सांगतो. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले, तेव्हा जगभरचे डॉक्टर चकित झाले. १०० पैकी ९२ बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि याआधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या १०० मध्ये फक्त ८. म्हणजे आमच्या गटातली ती मैत्रीण एकटी नाही.

पुढे तिथे दवाखाना बांधायचा ठरला, तेव्हा आधी आदिवासींनाच विचारलं की तुम्हाला दवाखाना कसा हवा? लोक म्हणाले, मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो, सोबतच्या माणसांना राहू देत नाहीत, आणि पांढरे कपडे पाहिले की भीती वाटते, कारण पांढऱ्या कपड्यात आम्ही मढं गुंडाळतो. मग नातलगांना सोबत राहता येईल अशा झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला आणि त्याला लोकांच्याच दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. नगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं आणि गावातल्याच, कित्येकदा निरक्षर बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. बाईचं ऐकायला बाई, तीही आपल्याच गल्लीतली. २००५ पासून हळूहळू देशभर आशाताई आल्या, त्यामागे अशाच कामांचा अनुभव होता.

आमच्या सासवांच्या पिढीत दुखणं वाढलं की पीजे गाडीनं पाचोरा गाठायचं. आज पहूरला ग्रामीण रुग्णालय आहे आणि आशाताई दारावर येते. पण पहिली पायरी चढताना पाय अजून अडखळतात. म्हणून आमच्या गटानं दोन गोष्टी ठरवल्या आहेत.

पहिली, कुणाला जायचं असेल तर आमच्यापैकी एक जण सोबत जाईल आणि काय झालं हे गावात सांगणार नाही. दुसरी, आपले हक्क माहीत करून घ्यायचे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१८ मध्ये रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली. पुरुष डॉक्टर बाईला तपासत असेल तर तिथे दुसरी बाई हजर हवी, आणि आपलं दुखणं चारचौघांत उघडं होता कामा नये, हे त्यात आहे. रांगेत कुणी मोठ्यानं विचारलं, तर "मॅडमना आत सांगते" एवढं शांतपणे म्हणायचं. आम्ही ते बैठकीत मोठ्यानं म्हणून पाहिलं. पहिल्यांदा सगळ्या हसल्या, पण तिसऱ्यांदा नीट जमलं.

दवाखान्यात काम करणाऱ्या बहिणी आणि भाऊही हे ऐकत असतील. त्यांना एवढंच सांगणं, की तुमच्यापुढे रोज शंभर जणी येतात, पण त्यातली एखादी पहिल्यांदाच आलेली असते. तिला आवाज थोडा खाली आणून विचारा.

आमची ती मैत्रीण मागच्या सोमवारी गेली. आम्ही दोघी तिच्यासोबत होतो. या वेळी तिनं डोकं दुखतं असं सांगितलं नाही.