गवंड्याचं वर्तुळ

बीसीए, एमसीए, डिप्लोमा, कुठलाही प्रोजेक्ट रिपोर्ट उघडा, त्यात डीएफडी, म्हणजे डेटा फ्लो डायग्राम, असतोच. विषय ग्रंथालयाचा असेल तर चौकोनात ‘सभासद’, वर्तुळात ‘पुस्तक देणे’, दोन समांतर रेघांमध्ये ‘पुस्तक नोंद’ आणि मधून धावणारे बाण. यात कुणी डायमंड काढला की मार्क गेले. ‘पुस्तक शिल्लक आहे का?’ हा प्रश्न फ्लोचार्टचा. डीएफडीत पाहायचं ते माहिती कुठून निघते आणि कुठे पोचते, एवढंच.

या वर्तुळाचं कुळ पाठ्यपुस्तकं एका ओळीत उरकतात. यूर्डन आणि कॉन्स्टंटाइन यांनी सत्तरच्या दशकात मार्टिन व एस्ट्रिन यांच्या संगणनाच्या आलेखांवरून ही आकृती बेतली, डीमार्को यांनी ती घरोघरी पोचवली. गेन आणि सार्सन यांनी वर्तुळाऐवजी गोल कोपऱ्यांचा चौकोन घेतला. अक्षरं त्यात नीट मावतात, पण मला तो कधी आवडला नाही.

याच मंडळींच्या पुस्तकांतून एक दंतकथाही फिरते. १९२०च्या दशकात म्हणे एका सल्लागाराला कारकुनांनी भरलेलं ऑफिस नव्याने मांडायचं होतं. त्याने प्रत्येक कारकुनासाठी एक वर्तुळ काढलं आणि एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाणाऱ्या प्रत्येक कागदासाठी एक बाण. ज्यांच्यामध्ये बाणांची गर्दी, त्यांची टेबलं जवळ आणली. ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही, त्यांना लांब बसवलं. सल्लागाराचं नाव दंतकथेत नाही. पण ते दशक माझ्या मनातून जाईना, कारण त्याच दशकाच्या तोंडावर, १९२१ साली, फ्रँक आणि लिलियन गिल्ब्रेथ या जोडप्याने अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे ‘प्रोसेस चार्ट’ मांडला होता.

फ्रँक मूळचा गवंडी. १८८५ साली, सतराव्या वर्षी तो वीटकामाला लागला आणि त्याच्या लक्षात आलं की दोन गवंडी एकसारखी वीट लावत नाहीत. इतकंच काय, एकच गवंडी घाईत एका तऱ्हेने लावतो आणि नवख्याला शिकवताना दुसऱ्याच. वाकायला लागू नये म्हणून त्याने विटा हाताच्या उंचीवर ठेवणारी परांची केली आणि विटेमागच्या अठरा हालचाली साडेचारवर आणल्या. (ती अर्धी कुठली, हे एकदा बघायला हवं होतं.)

प्रोसेस चार्टमधल्या त्याच्या चिन्हांवरून १९४७ साली अभियंत्यांच्या त्याच संस्थेने प्रमाण संच ठरवला: मोठं वर्तुळ म्हणजे क्रिया, बाण म्हणजे वाहतूक, त्रिकोण म्हणजे साठवण. ही पद्धत कारखान्यातून कागदांवर आणली बेन ग्रॅहम यांनी. छापील फॉर्म बनवणाऱ्या कंपनीतला हा माणूस १९४४ साली मोगेन्सन यांच्या वर्गात गिल्ब्रेथचं तंत्र शिकला आणि अनेक कागदांचा प्रवास शेजारी-शेजारी दाखवणारा तक्ता त्याने बनवला. माझ्या मते डीएफडीचा आजोबा हाच.

यावर आक्षेप येणारच. वर्तुळ आणि बाण तर कुठल्याही गणिती आलेखात असतात, त्यासाठी गवंडी कशाला? शिवाय गिल्ब्रेथचा तक्ता पहिल्यापासून शेवटच्या पायरीपर्यंत क्रमाने जातो, डीएफडीत क्रमच नसतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे. ग्रॅहमच्या तक्त्यात अनेक कागद एकत्र आल्याने एकरेषी क्रम सैल पडतो, एवढंच माझं उत्तर, आणि ते पुरं पडत नाही हे मला दिसतं.

पहिल्या आक्षेपाला मात्र मी बधत नाही. आलेखाचं भागतं बिंदू आणि रेघांवर. कोठार, म्हणजे ‘पुस्तक नोंद’ ठेवणाऱ्या त्या दोन समांतर रेघा, त्याला लागत नाही. कोठार लागतं ते विटा, पोती, फाइली हलवणाऱ्याला. डीएफडीत ते आहे, आणि नियमही असा की कोठारातली माहिती सभासदाकडे थेट जाऊ शकत नाही. मध्ये वर्तुळ हवंच, म्हणजे कुणीतरी हात लावून ती उचलून द्यायला हवी.